निरोगी चेहऱ्यावरची सुई

वॉर्डमध्ये समोर येणारा माणूस आजारी असतो. औषधाचे दुष्परिणाम होऊ शकतात हे आम्हाला ठाऊक असतं, त्यालाही सांगितलेलं असतं. पण औषध न देण्याचा धोका त्याहून मोठा असतो, म्हणून आपण ते देतो. सौंदर्योपचारांच्या दवाखान्यात काम सुरू केलं तेव्हा हा हिशेब पूर्ण बदलला. इथे खुर्चीत बसलेल्या बाईला काहीही झालेलं नसतं. ती धडधाकट असते, स्वतःच्या पायांनी आलेली असते, आणि तिच्या चेहऱ्याला जो काही धोका पोहोचेल तो आपल्या हातूनच पोहोचणार असतो. पुढे मी या कामात जे काही शिकले, ते या एका गोष्टीशी जोडलेलं आहे.

मी आधी भाजलेल्या रुग्णांच्या विभागात होते. ड्रेसिंग बदलताना पेशंट घरी कधी सोडणार हे विचारायचे, पण त्याच्याही आधी बहुतेकांना आरसा हवा असायचा. चेहऱ्यावर व्रण राहिला की माणूस चारचौघांत बसताना कुठली बाजू पुढे करतो, फोटो काढताना कुठे सरकतो, हे मी तिथे पाहिलं. त्यामुळे ‘दिसण्यासाठी काय एवढं’ असं मला कधी वाटलं नाही. रात्रपाळ्यांनी शरीर थकलं होतं हेही खरं. त्वचेचं काम हाताला सवयीचं होतं, त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे जागा निघाली आणि मी गेले.

नर्सने चेहऱ्यावर इंजेक्शन द्यावं की नाही, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी डॉक्टरांनी पेशंटला तपासून लेखी औषध दिलं की नर्स ते टोचू शकते, काही ठिकाणी वेगळं शिक्षण घेतलेली नर्स स्वतः औषध लिहून देऊ शकते, आणि काही ठिकाणी हे काम फक्त डॉक्टरांचंच आहे. या क्षेत्रात यायचं असेल तर कोर्सची फी भरण्याआधी आपल्या नर्सिंग कौन्सिलचा नियम वाचा. मी कायम डॉक्टरांच्या लेखी सूचनेखाली काम केलं आहे आणि आजही तसंच करते. पेशंट डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसेल, तर मी कुपी फ्रिजमधून बाहेरही काढत नाही.

सुई टोचण्याची भीती मला नव्हती. दंडात, कमरेत, शिरेत, दिवसाला कितीतरी वेळा टोचत आले होते. पण चेहरा वेगळाच निघाला. शरीरातले बहुतेक स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातात. चेहऱ्याचे बरेचसे स्नायू त्वचेला येऊन चिकटतात, म्हणून तर मनात काय चाललंय ते कपाळावर उमटतं. भुवया वर उचलणारा स्नायू एकच, कपाळावरचा. त्यांना खाली आणि आत ओढणारे मात्र तीन-चार. ही रस्सीखेच दिवसभर चालू असते. कपाळावरच्या आडव्या रेषा घालवायच्या म्हणून त्या एकट्या उचलणाऱ्या स्नायूला सैल करणारं औषध जास्त दिलं की भुवया जड होऊन खाली येतात. वय झालेल्या माणसांत तर हे अधिकच जपावं लागतं. पापण्या सैल झालेल्या असतात आणि डोळे उघडे ठेवायला ती माणसं नकळत कपाळाचा आधार घेत असतात. त्या रेषाच त्यांना नीट पाहू देत असतात. म्हणून सुरुवातीचा बराच काळ मी फक्त चेहरे पाहिले. डॉक्टर म्हणायचे, “रागावून बघा, आता डोळे घट्ट मिटा, आता आश्चर्य वाटल्यासारखं करा,” आणि मी शेजारी उभी राहून कुठला स्नायू कुठे जाड आहे, डावी भुवई उजवीपेक्षा वर आहे का, याची वहीत आकृती काढायचे. जवळजवळ कुणाचाच चेहरा दोन्हीकडे सारखा नसतो. हे आधी दाखवून फोटो काढून ठेवला नाही, तर नंतर ते इंजेक्शनमुळेच झालं असं पेशंटला प्रामाणिकपणे वाटतं.

स्नायू सैल करणारं हे औषध म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, बोटॉक्स हा त्याचाच एक ब्रँड. त्याचा इतिहास मला मुद्दाम समजून घ्यावासा वाटला, कारण पेशंट हमखास विचारतात, “सिस्टर, हे विषच ना?” हो, विषच. खराब झालेल्या अन्नातून होणाऱ्या एका जीवघेण्या विषबाधेचं कारण असलेल्या जिवाणूचं. ॲलन स्कॉट या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी तिरळ्या डोळ्यांवर शस्त्रक्रियेऐवजी याचा अगदी सूक्ष्म डोस वापरता येतो हे दाखवलं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांची अनैच्छिक उघडझाप यांसाठी त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या जीन कॅरुथर्स डोळ्यांच्या डॉक्टर. पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्या निवळतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. भुवयांमधल्या आठ्यांसाठी अमेरिकेतली मान्यता आली २००२ मध्ये. मी हे सांगते तेव्हा पेशंट शांत होतात. आपण घेतोय ते औषध आधी खऱ्या आजारांवर वापरलं गेलं आहे, हे कळल्यावर त्यांच्या प्रश्नांचा सूर बदलतो.

औषध बनवणं हे तर नर्सचंच काम, आणि इथे वॉर्डची शिस्त कामी आली. कुपीत द्रव नसतो, तळाशी जेमतेम दिसेल असा पांढरा थर असतो. आत निर्वात पोकळी असते, त्यामुळे सलाइन भरलेल्या सिरिंजची सुई आत जाताच सलाइन आपोआप ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती कुपी वापरायची नाही. कुपी जोरात हलवायची नाही, हळूच फिरवायची. १०० युनिटच्या कुपीत २.५ मिलीलिटर सलाइन घातलं की ०.१ मिलीलिटरमध्ये ४ युनिट येतात. भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सचा छापील डोस आहे पाच ठिकाणी प्रत्येकी ४, म्हणजे २० युनिट. गणित सोपं आहे, पण एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटइतकं नसतं. ब्रँड बदलला आणि आकडा जुनाच राहिला तर डोस चुकतो. म्हणून आमच्याकडे सिरिंजवर औषधाचं नाव, पातळ केल्याची वेळ आणि एका रेघेत किती युनिट हे लिहिल्याशिवाय ती ट्रेमध्ये जात नाही. दुसरी व्यक्ती ते मोठ्याने वाचते. धोकादायक औषधांसाठी वॉर्डात जे करायचो, तेच.

पहिलं इंजेक्शन मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली भुवयांमध्ये दिलं. डाव्या हाताचा अंगठा डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या कडेवर दाबून ठेवायचा, औषध खाली पापणीकडे पसरू नये म्हणून. टोचायची जागा त्या हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपलं तर पापणी लोंबते. ती काही आठवड्यांत आपोआप सावरते, तोवर थेंबांनी थोडी मदत होते, पण ज्या बाईला आरशात एक डोळा अर्धा मिटलेला दिसतो तिला ‘आपोआप’ या शब्दाने धीर येत नाही. सुई इतकी बारीक असते की टोचल्याचं फारसं जाणवत नाही. मला मात्र त्या दिवशी स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

टॉक्सिन लगेच काम करत नाही. मज्जातंतूच्या टोकाशी स्नायूला आवळायला सांगणारं रसायन बाहेर पडतं, ते पडू देणारं एक प्रथिन हे औषध कापतं. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो, दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. हे तीनतीनदा सांगूनही दुसऱ्या दिवशी फोन येतोच, “काहीच फरक नाही हो.” त्यावर मी कधीच जादा डोस देत नाही. दोन आठवड्यांनी बोलावते, पुन्हा रागावून बघायला सांगते, फोटोशी ताडून पाहते. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार, गर्भारपण, बाळाला पाजणं, टोचायच्या जागी फोड किंवा जंतुसंसर्ग यांतलं काहीही असेल तर त्या दिवशी काही करायचं नाही. चालू असलेल्या अँटिबायोटिकचंही नाव विचारायचं, कारण जेंटामायसिनच्या गटातली औषधं टॉक्सिनचा परिणाम वाढवू शकतात. बरेच जण म्हणतात, एवढ्याशा गोष्टीला एवढे प्रश्न? तरी मी विचारते.

फिलरचं प्रकरण याहून गंभीर आहे. टॉक्सिनने काही बिघडलं तर बहुतेक वेळा ते काळाबरोबर जातं. फिलर म्हणजे घड्या किंवा ओठ भरून काढायला त्वचेखाली देतात ती जेल, बहुतेकदा हायलुरोनिक ॲसिडची. ती चुकून रक्तवाहिनीत गेली किंवा तिचा बाहेरून वाहिनीवर दाब आला, तर त्या वाहिनीवर जगणारी त्वचा मरू शकते. भुवयांच्या मधल्या आणि नाकाजवळच्या धमन्या डोळ्याकडे जाणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. तिथून जेल उलटी ढकलली गेली तर माणूस आंधळा होऊ शकतो आणि ती दृष्टी सहसा परत येत नाही. जगभर अशा घटना नोंदल्या गेल्या आहेत, कुशल हातांकडूनही. नाकावर आणि भुवयांच्या मध्ये मी फिलर देत नाही. डॉक्टरांनी सांगितलं तरी देणार नाही, हे मी नोकरी धरताना बोलून घेतलं होतं आणि त्यांनी ते मान्य केलं.

एका दुपारची गोष्ट. डॉक्टर एका काकूंच्या नाकापासून ओठांच्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या घडीत फिलर देत होते आणि मी दुसऱ्या बाजूला गॉज धरून उभी होते. काकू छान बोलत होत्या. वरच्या ओठाच्या वर, नाकपुडीच्या कडेपर्यंत, एक पट्टा पांढरा पडताना मला दिसला. टोचल्या जागी क्षणभर पांढरं होतं ते वेगळं. हे टोचलेल्या जागेपासून दूर होतं आणि पसरत होतं. मी म्हटलं, “डॉक्टर, थांबा. रंग बघा.” त्यांनी तत्क्षणी हात मागे घेतला. बोटाने दाबून सोडलं तर रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागत होते. थोड्या वेळात तिथे जाळीसारखे निळसर डाग उमटू लागले. काकूंना दुखतच नव्हतं. फिलरमध्ये भूल देणारं लिडोकेन मिसळलेलं असतं, त्यामुळे वेदना ही खूण दडपली जाते. पेशंट ‘दुखत नाही’ म्हणतोय म्हणून सगळं ठीक आहे, असं इथे धरून चालत नाही.

त्यापुढची धावपळ आम्ही आधी कितीदा रंगीत तालीम केल्यासारखी झाली, कारण खरंच तालीम केली होती. हायलुरोनिडेज हे फिलर विरघळवणारं औषध त्याच खोलीतल्या कपाटात होतं, मुदत तपासलेलं. मी ते सलाइनमध्ये मिसळून दिलं. डॉक्टरांनी पांढऱ्या पडलेल्या सगळ्या भागात टोचलं, मालिश केलं, मी ऊबदार कापडाने शेकत राहिले. दृष्टी तपासली, दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं वाचायला लावलं. तासाने पुन्हा रंग पाहिला, पुन्हा औषध. मी घड्याळ समोर ठेवून दर वेळचा रंग, दाबल्यावरचे सेकंद, दिलेलं औषध लिहीत होते आणि फोटो काढत होते. काकूंना डॉक्टरांनी काय झालंय ते सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. संध्याकाळपर्यंत त्वचा गुलाबी झाली, तरी मी रात्री फोन केला, दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, त्यानंतरही रोज पाहिलं. व्रण राहिला नाही. त्या घटनेनंतर फिलर चालू असताना टोचणाऱ्याखेरीज एक प्रशिक्षित माणूस फक्त त्वचेचा रंग पाहायला हवा, असा माझा आग्रह पक्का झाला. टोचणाऱ्याची नजर सुईच्या टोकावर असते. ते स्वाभाविक आहे, म्हणून दुसरी नजर लागते.

शनिवार-रविवारचा कोर्स करून लोक फिलर द्यायला लागतात याचा मला मनापासून राग येतो. दोन दिवसांत टोचायचं कसं हे दाखवता येईल. पांढरा पट्टा ओळखणं, हायलुरोनिडेज किती आणि कुठे, ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, झाला तर मांडीत ॲड्रेनलिन किती, हे दोन दिवसांत अंगी मुरत नाही. मधमाशी चावल्यावर कुणाला जोरदार ॲलर्जी आली होती का, हे आम्ही फिलरच्या आधीच विचारतो, कारण मधमाशीच्या विषातही हायलुरोनिडेज असतं. अशा माणसाला ते द्यायची वेळ आली तर आधीच तयारीत राहता येतं.

पील, म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं, आणि लेझर यांचं काम दिसायला सौम्य, पण तिथेही जपावं लागतं. फिट्झपॅट्रिक या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार मांडले, ऊन लागल्यावर ती भाजते की सावळते यावरून. पुढे सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी ते सहा प्रकारांपर्यंत वाढले. सावळ्या त्वचेला थोडी जरी इजा झाली तरी ती अनेकदा काळा डाग ठेवून बरी होते. म्हणजे डाग घालवायला आलेल्या मुलीला तीव्र पील दिलं तर ती आणखी डाग घेऊन जाईल. ग्लायकोलिक ॲसिडचं पील घड्याळ लावून, चेहऱ्यावरची नजर न हलवता करायचं, आणि लाली एखाद्या जागी जास्त आली की वेळ संपायची वाट न बघता तिथे आधी निष्प्रभ करायचं. केस काढायच्या लेझरमध्येही सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरची तरंगलांबी जास्त सुरक्षित, कारण ती वरच्या थरातल्या रंगद्रव्यात कमी शोषली जाते.

सर्वांत दुःख देणारे चेहरे असतात ते महिनोन्महिने स्टिरॉइडचं क्रीम लावून आलेल्यांचे. कुणीतरी गोरं व्हायला म्हणून दिलेलं असतं. पहिले काही आठवडे त्वचा उजळते, मग पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, क्रीम बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा लावतात. अशा त्वचेवर मी पील करत नाही. डॉक्टर स्टिरॉइड सोडवायचं वेळापत्रक देतात, आणि माझं काम असतं दर आठवड्याला फोन करून ‘आग होतेय, पण ती कमी होत जाईल, टिकून राहा’ एवढं सांगत राहायचं. यात सुई नाही, मशीन नाही, दवाखान्याला फारशी कमाईही नाही. पण माझ्या मते आमच्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे.

आणि नकार देणं. उद्या समारंभ आहे म्हणून आज ओठांत फिलर हवं असतं, तेव्हा सूज आणि काळंनिळं होणं समजावून परत पाठवणं सोपं. फिल्टर लावलेला स्वतःचाच फोटो घेऊन येणाऱ्या मुलीला समजावणं अवघड. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींना मी नाहीच म्हणते. इंग्लंडमध्ये तर १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील व्यक्तीला सौंदर्यासाठी टॉक्सिन किंवा फिलर देणं कायद्याने गुन्हाच आहे, आणि तसं सगळीकडे व्हायला हवं. त्याहून अवघड असतात ती माणसं, ज्यांना एक बारीकशी खूण दिवसभर छळते. आरशाजवळून हलता येत नाही, किंवा आरसा झाकून ठेवावा लागतो, आणि ती खूण आपल्याला मात्र शोधूनही दिसत नाही. हा स्वतःच्या रूपाबद्दलच्या ध्यासाचा मानसिक आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, पण ते सुईने होत नाहीत. मी अशांना ‘तुमच्यात काही दोष नाही’ असं म्हणून उडवून लावत नाही, कारण त्यांचा त्रास खरा असतो. “मला तुमचा त्रास कळतो. मी टोचून तो कमी होणार नाही, वाढेल. आपण मनोविकारतज्ज्ञांना भेटू या,” असं सांगते. काही जण रागावून निघून जातात. एक बाई बऱ्याच काळाने फक्त हे सांगायला आल्या होत्या की त्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेल्या.

नकार देता यायला नर्सची नोकरी तशी असावी लागते. आधीच्या एका दवाखान्यात नर्सला प्रत्येक सिरिंजमागे पैसे मिळायचे आणि महिन्याचं लक्ष्य भिंतीवर लावलेलं असायचं. समोरच्या चेहऱ्याला अर्धी सिरिंज पुरेशी असताना दुसरी सुचवायची पाळी मला नको होती. मी ती जागा सोडली. पगार ठरावीक असावा, औषधाच्या प्रमाणावर नसावा, ही अट आता मी मुलाखतीतच घालते.

या कामाने समाधानही खूप दिलं. चेहऱ्याची एक बाजू लकव्याने अधू झालेले एक गृहस्थ आले होते. अशा वेळी कधी कधी चांगल्या बाजूच्या स्नायूंना थोडं टॉक्सिन देऊन ओढ कमी करतात, म्हणजे हसताना दोन्ही बाजू जवळ येतात. डॉक्टरांनी डोस ठरवला, मी दिला. दोन आठवड्यांनी तपासणीला आले तेव्हा त्यांनी मुलीच्या लग्नाचा फोटो काढायचा आहे, कोणत्या दिवशी हसणं सर्वांत सारखं दिसेल, असं विचारलं आणि आम्ही दोघांनी बसून तारीख काढून दिली.

आता नव्या नर्सेस माझ्याकडे शिकायला येतात. पहिले काही महिने मी त्यांच्या हातात सुई देत नाही. फोटो कसे काढायचे ते शिकवते, प्रत्येक वेळी तोच प्रकाश आणि तेच अंतर. कुपीचा बॅच नंबर पेशंटच्या कागदावर चिकटवायला लावते, कारण बाजारात बनावट औषधं येतात आणि उद्या काही झालं तर कुठली कुपी होती हे कळलं पाहिजे. फ्रिजचं तापमान दोन आणि आठ अंशांच्या मध्ये आहे का, हे रोज दोनदा लिहायला सांगते. संध्याकाळी दिवसभराच्या पेशंटना फोन करायला बसवते: रंग कसा आहे, दुखतंय का, नीट दिसतंय का. एखादी विचारते, “सिस्टर, टोचायला कधी मिळणार?” मी तिला फोनची यादी देते आणि म्हणते, आधी या सगळ्यांचे आवाज ऐकून घे.